आधी पासंग काढा!

बालमित्रांनो, तुमच्या आजोबांना एका शब्दाचा अर्थ विचारा. शब्द आहे 'पासंग'. पूर्वी आठवडे बाजारात तराजूने धान्य तोललं जायचं, तेव्हा जाणतं गिऱ्हाईक आधी रिकामी पारडी बघायचं. दोन्ही पारडी एका रेषेत नसली तर जो फरक दिसे, त्याला पासंग म्हणत. वर गेलेल्या पारड्याला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून तो फरक काढायचा आणि मगच तोलायला सुरुवात करायची. तरीही शंका राहिली तर मालाचं पारडं आणि वजनांचं पारडं यांची अदलाबदल करून पुन्हा तोलायचं. दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं की समजायचं, तराजू खरा.

आता म्हणाल, आज तराजू कशाला काढला? तर घरातल्या राउटरसाठी! जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी घरांत आता इंटरनेटची तार आली आहे. ताईचा क्लास, दादाचे परीक्षेचे फॉर्म, बाबांचे बाजारभाव आणि तुमचं कार्टून, सगळं त्या एका डबीवर चालतं. मग आतल्या खोलीत रेंज येत नाही, चित्र मध्येच थांबतं, आणि कुणीतरी सल्ला देतं, "अहो, भारीतला राउटर घ्या!" भारीतला म्हणजे दहा-पंधरा हजार रुपये, आणि हौसेला मोल नसेल तर त्याहून कितीतरी जास्त. टोमॅटोला भाव न मिळालेल्या वर्षी एवढे पैसे घरातून सहज निघत नाहीत. म्हणून पैसे मोजण्याआधी राउटर मोजायला शिकू या.

सुरुवात खोक्यापासून करू. महागड्या राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एएक्स ६०००' असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'एएक्स' ही अक्षरं वाय-फायची पिढी सांगतात. ही सहावी पिढी. १९९७ साली वाय-फायचं पहिलं मानक ठरलं, तेव्हा जास्तीत जास्त वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. जानेवारी २०२४ पासून सातव्या पिढीच्या उपकरणांना प्रमाणपत्रं मिळू लागली आहेत. म्हणजे प्रगती खरीच मोठी झाली आहे. पण तो ६००० आकडा येतो कुठून?

असा राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्यावर त्याचा कमाल वेग ११४८ मेगाबिट आणि दुसऱ्यावर ४८०४ मेगाबिट. बेरीज करा. ५९५२ आली ना? ती गोल करून झाले ६०००! आता गंमत पाहा. पुणे-नाशिक रस्त्यावर एक एसटी ताशी ५० किलोमीटरने चालली आहे आणि दुसरी ताशी ६० ने. म्हणून कुणी 'आमचा वेग ताशी ११०' अशी पाटी लावली, तर तुम्ही हसाल. कारण प्रवासी एका वेळी एकाच गाडीत बसतो. तुमचा फोनही बहुतेक वेळा एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो. सातव्या पिढीत दोन्ही पट्टे एकदम वापरायची सोय आहे, पण त्यासाठी फोनसुद्धा त्याच पिढीचा आणि ती सोय असलेला लागतो.

बरं, मग ४८०४ तरी मिळतील का? त्यासाठी दोन्ही बाजूंना चार-चार अँटेना हव्यात. फोनमध्ये वाय-फायसाठी बहुधा दोनच असतात. झाले निम्मे, २४०२. शिवाय त्या वेगासाठी खूप रुंद वाट लागते, आणि पुष्कळ फोन निम्म्याच रुंदीची वाट वापरतात. पुन्हा निम्मे, १२०१. त्यातही राउटर आणि फोन दोघांनी आळीपाळीने बोलायचं असतं. वर्गात एकच खडू असेल आणि फळ्यावर सगळ्यांनी लिहायचं असेल, तर बराच वेळ खडू इकडून तिकडे देण्यात जातो, तसंच हे. म्हणून प्रत्यक्ष हाती येतो तो वेग आणखी कमी असतो. आणि एवढं होऊन बाबांनी घेतलेली इंटरनेटची योजनाच सेकंदाला १०० मेगाबिटची असेल, तर बाहेरून येणारी माहिती १०० च्या वर जाणारच नाही. डिंभे धरण काठोकाठ भरलेलं असलं, तरी तुमच्या शेतात येणाऱ्या चारीत मावेल तेवढंच पाणी शेताला मिळणार.

खोक्यावरचा आकडा खोटा असतो असं मात्र समजू नका. सगळं मनासारखं जुळून आलं तर दोन्ही पट्ट्यांवर मिळून किती, या प्रश्नाचं ते उत्तर असतं. आपला प्रश्न साधा आहे: आमच्या घरात, आमच्या फोनवर, आतल्या खोलीत किती? त्याचं उत्तर खोक्यावर छापता येत नाही. ते घरातच मोजावं लागतं.

आणि मोजणं वाटतं तेवढं सोपं नाही. रेडिओलहरी लहरी असतात! २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर भरते आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची पाच-सहा सेंटिमीटर. कंपासपेटीतल्या पट्टीवर पाहा, म्हणजे अंदाज येईल. राउटरपासून निघालेली लहर फोनकडे सरळ येते, तशी भिंतीवर, पत्र्यावर, लोखंडी कपाटावर आपटूनही येते. सरळ आलेली आणि आपटून आलेली अशा दोन लहरी एका लयीत भेटल्या तर जोर वाढतो. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकत्र आला तर दोघींचा जोर मावळतो. म्हणून फोन नुसता चार बोटं सरकवला तरी आकडा बदलतो. जुन्नरच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती पार करताना लहर थकते, आणि ५ गिगाहर्ट्झची लहर जास्त थकते. पाण्याची टाकी लहर पिऊन टाकते. आपलं शरीरही बरंचसं पाण्याचंच, म्हणून फोनवर हात ठेवला तरी फरक पडतो.

आपटून येणाऱ्या लहरींचा हा गोंधळ सोडवायला मदत कुणाची झाली, माहीत आहे? आकाश पाहणाऱ्यांची. ऑस्ट्रेलियातले रेडिओ अभियंते जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात कृष्णविवरांच्या स्फोटांतून येणारे रेडिओ संकेत शोधत होते. ते संकेत काही सापडले नाहीत. पण अंतराळातून येताना पसरट झालेला संकेत पुन्हा स्वच्छ कसा करायचा, याचं गणित त्यांच्या हाती होतं. पुढे ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञान संस्थेत, सीएसआयआरओमध्ये, त्यांच्या गटाने त्याच प्रकारचं गणित खोलीतल्या आपटणाऱ्या लहरींसाठी वापरलं. १९९६ साली त्यांना या तंत्राचं अमेरिकी पेटंट मिळालं. वेगवान वाय-फायच्या उभारणीत या तंत्राचा मोठा वाटा आहे. २००९ साली ओ'सुलिव्हन यांना या कामासाठी ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान विज्ञान पुरस्कार मिळाला.

आकाशातले रेडिओ संकेत ऐकणारी जगातली एक मोठी दुर्बीण तर आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना आहेत. १४ अँटेना मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात आहेत, आणि १६ अँटेना इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांबवर पसरल्या आहेत. दोन अँटेनांमधलं सर्वांत मोठं अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. जवळ जाऊन पाहिलंत तर या थाळ्या पत्र्याच्या नाहीत, पोलादी तारेच्या जाळीच्या आहेत, हे दिसेल. जाळीची भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. ज्या लहरी ऐकायच्या, त्या साधारण २० सेंटिमीटरपासून एक-दोन मीटरपर्यंत लांब. एवढ्या लांब लहरीला ती बारीक भोकं जाणवतच नाहीत. जाळी तिला सबंध पत्र्यासारखीच वाटते, आणि वारा मात्र जाळीतून आरपार निघून जातो! (यावरून एक धडा घ्या: राउटर कधीही तारेच्या बारीक जाळीमागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नका.)

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. या ३० अँटेना एकाच आराखड्याच्या असल्या, तरी प्रत्येकीच्या मागची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा थोडी उन्नीस-बीस असते. शिवाय तासातासाला तिच्यात बारीक बदल होतात. मग कुठल्या अँटेनाचा आकडा खरा मानायचा? शास्त्रज्ञ काय करतात, तर ज्याची ताकद आधीच नीट माहीत आहे अशा आकाशातल्या एखाद्या स्रोताकडे सगळ्या अँटेना वळवतात. असे नेहमीचे ठरलेले स्रोत आहेत. ३सी४८, ३सी१४७, ३सी२८६ अशी त्यांची नावं. केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञांनी केलेल्या तिसऱ्या यादीतले हे क्रमांक आहेत. त्यांच्याकडे पाहून कुणाचा आकडा किती कमी-जास्त येतो ते नोंदवतात, आणि मग हव्या त्या ताऱ्याकडे किंवा आकाशगंगेकडे वळतात. निरीक्षण चालू असतानाही मधूनमधून, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, जवळच्या एका ओळखीच्या स्रोताकडे पुन्हा पाहून येतात. ओळखलंत ना? हा पासंगच! कोट्यवधी रुपयांच्या दुर्बिणीलासुद्धा आधी पासंग काढावा लागतो. मग आपल्या राउटरचं काय!

चला तर, घरातली दुर्बीण लावू. समजा, दोन राउटर आहेत. एक घरातला जुना, त्याला 'क' म्हणू. दुसरा भारीतला, एखाद्या नातेवाइकाकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला, त्याला 'ख' म्हणू. एक वही, एक खडू आणि भिंतीवरचं घड्याळ घ्या. राउटरची जोडणी बदलायला मोठ्या माणसांना सोबत घ्या.

सगळ्यात आधी पासंग. लॅपटॉप राउटरला तारेने जोडा आणि वेग मोजा. समजा ९४ मेगाबिट आला. हा तुमचा ३सी४८. आता त्याच लॅपटॉपवर, राउटरच्या शेजारी बसून, वाय-फायने मोजा. तिथेही ९०च्या आसपास आला, तर राउटरपर्यंत सगळं ठीक आहे. अडचण असेल तर भिंतींची आणि अंतराची. आणि तारेनेच २० आला तर? मग दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत, तारेत किंवा योजनेत शोधा. राउटर बदलून चारी रुंद होत नाही.

दुसरी गोष्ट, जागा. दोन्ही राउटर एकाच फळीवर, एकाच उंचीवर, आळीपाळीने ठेवायचे. 'क' कपाटामागे आणि 'ख' दिवाणखान्याच्या मध्यभागी ठेवून तुलना केली, तर ती जागांची तुलना होते. फोन एकच वापरायचा. तो हातात न धरता लाकडी स्टुलावर ठेवायचा आणि स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा करायच्या. दोन्ही वेळा पट्टाही तोच हवा. एक २.४ वर आणि दुसरा ५ वर मोजला, तर ती आंब्याची आणि चिंचेची तुलना झाली.

तिसरी गोष्ट, एका मोजणीवर विसंबायचं नाही. फोन दर वेळी चार बोटं सरकवून पाच वेळा मोजा. आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि मधला घ्या. समजा ३१, ६२, ६४, ६६, ७० आले. मधला ६४. दहावीच्या ताई-दादांना यालाच 'मध्यक' म्हणतात हे माहीत असेल. ३१ आला तेव्हा कदाचित कुणी तरी मध्ये उभं असेल किंवा लहर मावळली असेल. मध्यक घेतला की अशा एका आकड्याने निकाल बिघडत नाही. पण ३१ खोडू नका. तोही वहीत राहू द्या. वारंवार तसं घडत असेल, तर तीच खरी तक्रार असेल.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पारड्यांची अदलाबदल. संध्याकाळ झाली की गावातले सगळेच नेट वापरतात आणि वेग उतरत जातो. समजा दोन्ही राउटर अगदी सारखे आहेत, आणि वेग दर अर्ध्या तासाने १० ने उतरतो आहे. आधी 'क' मोजला, ८०. मग 'ख' मोजला, ७०. लगेच शिक्का मारला, 'ख' वाईट! बिचाऱ्या 'ख'चा काही दोष नव्हता, त्याचा नंबर नंतर आला एवढंच. आता क-ख-ख-क या क्रमाने मोजा. आकडे येतील ८०, ७०, ६०, ५०. 'क'ची सरासरी ६५, 'ख'चीही ६५. पासंग निघाला!

पाचवी गोष्ट मनाची. दहा हजारांची वस्तू वेगवान वाटते, ती दहा हजारांची असते म्हणूनच. मनाच्या तराजूलाही पासंग असतोच. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही राउटरच्या वाय-फायचं नाव एकच ठेवा आणि आतल्या खोलीत मोजणाऱ्याला कुठला लावला आहे ते सांगूच नका. तो फक्त आकडे लिहील. कुठला क आणि कुठला ख, हे शेवटी उघड करा. याच कारणासाठी एखाद्या परीक्षणात राउटरची तोंड भरून स्तुती दिसली की विचारा, तो राउटर त्या लेखकाने विकत घेतला होता की त्याला फुकट मिळाला होता? कुणी पैसे दिले होते का? फुकट मिळाला म्हणून परीक्षण खोटंच असतं असं नाही, पण पासंग किती ते आपल्याला माहीत हवं.

आणि खेळाचे नियम खेळाआधी ठरवायचे. कबड्डीत सामना संपल्यावर कुणी नवा नियम काढला, तर तुम्ही ऐकून घ्याल का? तसंच इथे. मोजायच्या आधी आई-बाबांसोबत बसून लिहा, आपल्याला काय हवं आहे. ताईच्या खोलीत क्लास न थांबता चालावा? चार जण एकदम वापरत असताना कुणाचं अडू नये? किंमत अमुकच्या आत असावी? राउटरच्या सुरक्षेच्या सुधारणा कंपनी किती वर्षं देणार आहे? नियम नंतर ठरवले, तर आपण आपल्या आवडत्या राउटरला जिंकवणारेच नियम शोधतो.

महागड्या राउटरवरही अन्याय नको. त्यात अँटेना जास्त असतात, आतला प्रोसेसर दमदार असतो, एकाच वेळी पुष्कळ उपकरणं सांभाळताना तो गडबडत नाही. घरातल्या घरात एका संगणकातून दुसऱ्यात मोठ्या फायली न्यायच्या असतील, तर योजना १०० मेगाबिटची असली तरी त्याचा वेग कामी येतो. तीस उपकरणं असलेल्या घराला त्याचे पैसे वसूल होतील. पण एक गोष्ट तो करू शकत नाही. संवाद दोन्ही बाजूंनी असतो. राउटरने किती जोरात बोलायचं याला सरकारी मर्यादा आहे, आणि तो कितीही जोरात बोलला तरी छोट्या बॅटरीच्या फोनचा हळू आवाज तीन भिंतींतून परत त्याच्यापर्यंत पोचायला हवा. एकट्या मास्तरांचा आवाज मोठा असून भागत नाही, मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तरही ऐकू यायला हवं.

म्हणून तुलनेत एक तिसरा गडी घ्याच, त्याला 'ग' म्हणू. 'ग' म्हणजे नवं काहीच विकत न घेणं. जुनाच राउटर कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंच, मोकळ्या जागी ठेवायचा आणि पुन्हा मोजायचं. त्याने भागलं नाही, तर आतल्या खोलीपर्यंत एक तार टाकून तिथे साधा दुसरा राउटर बसवायचा. पुष्कळदा हा स्वस्तातला गडी भारीतल्याला चीत करतो. करतोच असं नाही, पण त्याला आखाड्यात उतरवल्याशिवाय कुस्ती न्यायाची होणार नाही.

दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि शाळाशाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात. क, ख आणि ग यांची ही वही तिथे मांडायला काय हरकत आहे? तक्ता असा आखा: उभ्या ओळींत तीन गडी, आडव्या ओळींत घरातल्या तीन जागा, प्रत्येक चौकटीत पाच आकडे आणि त्यांचा मध्यक. तक्त्याच्या वर, पहिल्या ओळीत, तारेने मोजलेला आकडा लिहायला विसरू नका. खोडदच्या अभियंत्यांची नजर आधी त्याच आकड्याकडे जाईल.